सासऱ्यांनी पास केलेला क्लच

लग्न होऊन मी मुलुंडच्या ज्या घरात आले तिथे देव्हारा होता, टीव्ही होता आणि मोटरसायकल होती. मानाचा क्रम उलटा होता. देवांची पूजा सासूबाई घाईघाईत उरकायच्या. टीव्हीवर क्रोशाचं झाकण असायचं. मोटरसायकलीची मात्र रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून सासरे स्वतः सेवा करायचे. साडेतीनशे सीसीची, काळी, अंगाने म्हशीएवढी ती गाडी त्यांनी कुणा निवृत्त फौजदाराकडून घेतली होती, आणि फौजदारी तिच्या स्वभावात राहून गेली होती. तिच्या मनात असेल तेव्हाच ती सुरू व्हायची. त्या सुमारास शंभर सीसीच्या जपानी घडणीच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या होत्या. सासरे त्यांना सायकली म्हणायचे.

सासरे विक्रोळीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. यंत्रांचे सुटे भाग तयार होऊन बाहेर पडायचे, त्या दारात शेवटची तपासणी करायला ते बसायचे. तपासणीची रीत सोपी होती. भाग हातात घ्यायचा आणि हलवून बघायचा. हलला तर नापास. नाही हलला तर पास, आणि पास झालेल्या नटावर लाल रंगाचा ठिपका. या एका तत्त्वावर त्यांनी नोकरी काढली, संसार केला, आणि घरातल्या खुर्च्या, खिडक्यांच्या कड्या, मुलाचा स्वभाव असं सगळं वेळोवेळी हलवून पाहिलं. मुलगा, म्हणजे माझा नवरा, या तपासणीत पूर्ण पास झालेला होता. वडिलांसमोर तो अजिबात हलत नसे.

मला अंधेरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली आणि घरात पेच पडला. कॉलेज सकाळचं. आमच्याकडे नळाला पाणी यायचं तेही सकाळी. पाणी सुनेने भरायचं, याबद्दल घरात कधी चर्चा झाली नव्हती. इतक्या पक्क्या गोष्टींची चर्चा होत नाही. लोकलने दादरला जाऊन उलटं अंधेरीला यायचं तर पाणी यायच्या आधीच घर सोडावं लागलं असतं. पवईवरून जाणारी बस यायची तेव्हा यायची. रोज रिक्षा परवडणारी नव्हती. पाणी आणि नोकरी दोन्ही साधणारी एकच गोष्ट होती, ती खाली पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. नवऱ्याची बँक चकाल्याला. उघडायला पुष्कळ वेळ असायचा, पण मला सोडून तो एका उडप्याकडे पेपर वाचत बसायला तयार होता. सासऱ्यांनी परवानगी दिली. "जा, पण गाडी नीट वापरा," एवढंच म्हणाले. नोकरी नीट करा असं कोणी म्हणालं नाही.

कॉलेजच्या प्राचार्यांची ओळख इथेच करून देते. ते घंटेच्या वेळी फाटकात उभे राहायचे, मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर घ्यायचे आणि कॉलेजची नाडी बघत असल्यासारखं त्याच्याकडे पाहायचे. घंटा झाली की फाटक बंद. उशिरा आलेल्या प्राध्यापकाने त्यांच्या केबिनमधून जायचं. केबिनमध्ये शिस्त या विषयावर व्याख्यान व्हायचं, त्यामुळे थोडा उशीर झालेल्या माणसाला पुरता उशीर व्हायचा. वर्गात मुलं मोकाट, आणि त्यांना शिकवणारी बाई शिस्तीवरचं व्याख्यान ऐकतेय, यात कुणालाही विसंगती दिसत नसे.

पहिले काही आठवडे गाडी नीट चालली. मग दुखणं सुरू झालं. आग्रा रोड ठीक जायचा. गांधीनगरला वळून पवईच्या तलावाकडचा चढ लागला की इंजिनाचा आवाज एकदम चढायचा, पण गाडीचा वेग चढायचा नाही. भाषण जोरात आणि काम शून्य, असा तो प्रकार होता. जळका वास यायचा. साकीनाक्यापर्यंत रडतखडत आलो की तिथल्या गर्दीत इंजिन इतकं तापायचं की माझ्या साडीचा काठ मी हातात धरून बसायची. शेवटी गाडी मान टाकायची. नवरा ती कडेला घ्यायचा, आणि दोघं जण एखाद्या वर्कशॉपच्या दारात ती थंड व्हायची वाट बघत उभे राहायचो. अंगावर कडक इस्त्रीची साडी, हातात तर्कशास्त्राचं पुस्तक, आणि आजूबाजूला लेथमशीनवाले माझ्याकडे सहानुभूतीने बघतायत.

दुखण्याच्या निदानासाठी आमची सोसायटी एक झाली. एरवी जिन्यातला दिवा कोणी बदलायचा यावर एकमत होत नसे. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी पेट्रोलमध्ये रॉकेल असल्याचं सांगितलं. ते आयुर्विमा विकायचे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत त्यांना शेवट दिसायचा. सासरे म्हणाले, "इंजिन जुन्या वळणाचं आहे, त्याला घाई चालत नाही." नवरा कार्बुरेटर म्हणाला. तो काहीही झालं तरी कार्बुरेटरच म्हणायचा. तो शब्द त्याला नीट उच्चारता येत होता.

साकीनाक्यावर एक मिस्त्री होता. तो स्वतः पान्याला हात लावत नसे, ते काम त्याच्या पोऱ्याचं. गाडी सुरू करायला सांगून डोळे मिटायचा, बैठकीला बसलेल्या दर्दी माणसासारखी मान हलवायचा, आणि समेवर आला की निदान सांगायचा. एका संध्याकाळी नवऱ्याने गाडी त्याच्याकडे नेली.

"साब, क्लच स्लिप मारतोय," तो म्हणाला. "प्लेटा जळल्या. क्लच घसरला की इंजिन फुकट फिरतं, म्हणून तापतं. प्लेटा बदलतो. फक्त हा लिव्हर आहे ना, याला थोडी ढील ठेवा. नाण्याच्या जाडीइतकी. घट्ट कराल तर वाट लागेल."

हे सगळं नवऱ्याने मला घरी येऊन सांगितलं. वडिलांना सांगितलं नाही. मिस्त्र्याच्या वाक्यात ढील हा शब्द होता, आणि तो शब्द आमच्या घरात फक्त शिवी म्हणून वापरला जायचा.

प्लेटा बदलल्या. त्या संध्याकाळी गाडी साकीनाक्याहून मुलुंडला वाऱ्यासारखी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चढावर तोच आवाज, तोच वास. संध्याकाळी पुन्हा मिस्त्री. त्याने लिव्हर बघितला, कपाळाला हात लावला, पोऱ्याकडून ढील देववली. नट खड्ड्यांनी आवळला जातो, असा नवऱ्याने समज करून घेतला. गाडी झकास घरी आली. सकाळी पुन्हा तेच. हे असं बरेच दिवस चाललं. संध्याकाळी निरोगी, सकाळी आजारी.

आता सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक काय? कॉलेज दुपारी सुटायचं आणि मी सावकाश बसने घरी यायची. म्हणजे संध्याकाळी गाडीवर मी नसायची. एकच गोष्ट वेगळी असेल आणि परिणाम वेगळा होत असेल, तर ती गोष्ट हेच कारण, ही पद्धत मी रोज अकरावीच्या वर्गाला शिकवत होते. विमावाल्या शेजाऱ्यांनी पुस्तक न वाचता ती लावली.

"वहिनी, राग मानू नका," ते म्हणाले, "पण लोड पडतोय हो."

"माझा?"

"तसं नाही. एकूण लोड."

"एकूणात आणखी कोण आहे?"

ते हसले आणि पॉलिसीबद्दल बोलू लागले. सासूबाई त्या दिवसापासून मला अर्धी पोळी कमी वाढू लागल्या. यामागे प्रेम होतं की यंत्रशास्त्र, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं, "मॅडम, तुमचं प्रोबेशन संपत आलंय. यापुढे एकदा जरी उशीर झाला तर तुम्हाला कायम करा असं मी लिहू शकणार नाही. माझ्या तत्त्वात बसत नाही." मी गाडीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "गाडी हे कारण नाही, वृत्ती हे कारण आहे." मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग सोड ना. एवढ्या लांब जाऊन काय ते तर्क करायचे." त्या वाईट मनाने म्हणाल्या नाहीत, आणि म्हणूनच मला घाम फुटला. या घरात माझी नोकरी गेली तर कुणी रडणार नव्हतं. मला बरंच वाटेल अशी सगळ्यांची खात्री होती.

मग एका सकाळी नळाला पाणीच आलं नाही. कुठेतरी पाइप फुटला होता. रिकाम्या बादल्या रांगेत ठेवून मी रोजच्यापेक्षा लवकर खाली उतरले, आणि सासऱ्यांची सेवा पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांसमोर झाली.

त्यांनी आधी टाकी पुसली. मग आरसे हलवून पाहिले. पास. नंबरप्लेट हलवली. पास. मग क्लचचा लिव्हर बोटांनी दाबला. तो नाण्याच्या जाडीइतका, मिस्त्र्याने ठेवला होता तेवढाच हलला. सासऱ्यांचा चेहरा पडला. वळचणीतून पान्याची पिशवी काढून त्यांनी केबलचा नट फिरवला, लिव्हर पुन्हा दाबला, पुन्हा फिरवला. लिव्हर काडीइतकाही हलेना झाला तेव्हा ते समाधानाने मागे सरले आणि म्हणाले, "पास."

"बाबा, हे रोज करता?" मी विचारलं.

"रोज," म्हणून ते गावच्या बोलीवर आले. "संध्याकाळी सैल होऊन येतां. रस्ते खराब. मी आसंय म्हणून गाडी चलतां."

चढावर गाडीने मान टाकल्यावर मी नवऱ्याला हे सांगितलं.

"अहो, सांगा ना त्यांना."

"मी?"

"मग कोण? प्राचार्य?"

"अगं, त्यांची फायनल तपासणी आहे ती. फायनलच्या नंतर काही नसतं."

शेवटी त्याने एक मार्ग काढला. घरापासून पुढच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. गिरणीच्या आड गाडी थांबवायची, वडिलांनी आवळलेला नट खिशातल्या पान्याने सैल करायचा आणि पुढे निघायचं. बँकेत लोकांच्या सह्या तपासणारा तिशीचा माणूस रोज सकाळी इकडेतिकडे बघत स्वतःच्याच गाडीचा नट चोरट्यासारखा ढिला करू लागला. पण गाडी पळायला लागली. इंजिन तापेना. मी फाटकात घंटेच्या आधी पोचू लागले आणि प्राचार्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसू लागली.

सासऱ्यांची झोप मात्र उडाली. खराब रस्ते हे कारण त्यांना आता पुरेना. रोज आवळलेली गोष्ट रोज ढिली होऊन येत होती. विक्रोळीत असं कधी झालं नव्हतं. ते जेवता जेवता थांबायचे. "आटे झिजले असतील," म्हणायचे. मग म्हणायचे, "नाही, आटे चांगले आहेत." नवरा आमटीत बघत राहायचा. सासऱ्यांनी पुष्कळ विचार केला आणि कारखान्यात शिकलेला उपाय केला. लग्नात कुणीतरी मला दिलेली आणि मी कधी न उघडलेली नेलपॉलिशची बाटली त्यांनी सासूबाईंकडून मागून घेतली. क्लचचा नट पूर्ण आवळला आणि त्यावर लालभडक सील केलं. आता तो आपोआप सैल होणार नव्हता. कुणी सैल केला, तर सील फुटलेलं दिसणार होतं.

त्या सकाळी गिरणीच्या आड नवरा नटाकडे बघत उभा राहिला.

"फोडा," मी म्हणाले.

"सील आहे गं."

"नेलपॉलिश आहे ते. माझं."

"त्यांनी लावलंय म्हणजे सील आहे."

त्याने ते फोडलं नाही. गाडी चढावर गुरगुरली, साकीनाक्याच्या अलीकडे विझली. मी उरलेली वाट मिळेल त्या बसला लोंबकळून काढली. नशीब म्हणजे त्या दिवशी कॉलेजच्या संस्थेचे कुणी पदाधिकारी येणार होते, आणि प्राचार्य फाटक सोडून हारतुऱ्यांच्या मागे होते. मी वाचले. पण असा पदाधिकारी रोज मिळत नाही.

रात्रीच्या जेवणाला मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, उद्या तुम्हीच मला सोडाल का? यांच्या हाताला ती गाडी येत नाही."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासऱ्यांना आनंद झाला. तो लपवायला त्यांनी आणखी भात मागितला.

सकाळी सोसायटीच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. सासरा पुढे, सून मागे, हे दृश्य तिथे आधी झालं नव्हतं. सासऱ्यांनी पांढरी विजार, कारखान्यात निरोपाला मिळालेला कोट आणि गंध अशा तयारीने गाडीला किक मारली. सील शाबूत होतं. त्यांनी ते मला बोटाने दाखवलं.

आग्रा रोडवर ते मजेत होते. चढ लागला. इंजिन ओरडलं, गाडी रेंगाळली. त्यांनी आणखी पेट्रोल दिलं. इंजिन आणखी ओरडलं. एक सायकलवाला पाववाला शांतपणे आम्हाला मागे टाकून गेला. मग तो वास आला, धूर आला, आणि चढ संपायच्या आत गाडी थांबली. सासरे उतरले. त्यांनी सिलिंडरजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"पेट्रोल," ते म्हणाले.

मी पदराने धूर वारला.

"तुझो लोड…" त्यांनी सुरुवात केली आणि माझ्याकडे बघून वाक्य तिथेच सोडलं.

मी घड्याळ पाहिलं. रिकामी रिक्षा दिसत नव्हती. दिसल्या त्या भरून पळत होत्या. या रस्त्यावर आज माझी नोकरी संपत होती आणि घरी सगळे मला चहा देऊन म्हणणार होते, बरं झालं.

"बाबा," मी म्हणाले, "केबल घट्ट म्हणजे क्लच कायम अर्धा दाबलेला, म्हणून तो घसरतो. घसरतो म्हणून इंजिन तापतं. त्याला थोडा हलू द्यायचा असतो. हे रोज गिरणीपाशी नट सैल करायचे, म्हणून मधले दिवस गाडी चालली. काल सील होतं म्हणून त्यांनी हात लावला नाही. आज मला उशीर झाला तर मला कायम करणार नाहीत."

इतकं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते नटावर वाकले. मागून ट्रक हॉर्न देत गेले.

"तो रोज सैल करायचो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि माका सांगूक नाय?"

"तुमची फायनल होती."

त्यांनी कोटाच्या खिशातून पाना काढला. तो तिथे होताच. पान्याच्या टोकाने त्यांनी सील खरवडलं. लाल कपचे रस्त्यावर पडले. नट फिरवला, लिव्हर दाबला, थोडा हलला. त्यांना ते सहन होत नव्हतं, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. लिव्हर हलत असताना त्यांनी तसाच सोडला. मग आम्ही दोघं कठड्याला टेकून इंजिन थंड व्हायची वाट बघू लागलो. मधेच एकदा ते "सैल," असं स्वतःशी म्हणाले.

गाडी सुरू झाली ती सरळ अंधेरीपर्यंत थांबली नाही. साकीनाक्याला मिस्त्री दारात उभा होता. त्याने डोळे मिटून आवाज ऐकला आणि मान डोलावली. फाटकाशी पोचलो तेव्हा घंटा होऊन गेली होती. फाटक बंद, आणि तळहातावर घड्याळ घेऊन प्राचार्य उभे.

"मॅडम," ते म्हणाले, "मी काय बोललो होतो?"

माझ्या आधी सासरे पुढे झाले. कोट सारखा केला.

"सर, विलंबाला कारण मी," त्यांनी अगदी शुद्ध, कारखान्याच्या सभेतल्या भाषेत सांगितलं. "मी विक्रोळीला अंतिम तपासणी विभागात होतो. आज सकाळी मी एक वस्तू पास केली, ती नापास निघाली. नोकरीत असं झालं असतं तर मी स्वतःविरुद्ध रिपोर्ट दिला असता. इथे रिपोर्ट कोणाला द्यायचा, ते सांगा."

प्राचार्यांनी घड्याळावरून नजर उचलली. कुणीतरी स्वतःहून रिपोर्ट मागतंय, हा प्रसंग त्यांच्या आयुष्यात पहिलाच असावा. त्यांचा चेहरा हळूहळू मऊ झाला.

"हल्ली अशी माणसं राहिली नाहीत," ते म्हणाले.

"हल्ली कोणी तपासतच नाही," सासरे म्हणाले.

"बसा ना आत."

फाटक उघडलं गेलं. दोघं केबिनमध्ये गेले. मी उभीच होते, माझी आठवण कुणाला राहिली नव्हती, म्हणून सरळ वर्गावर गेले. खिडकीतून केबिन दिसत होती. शिपाई चहा घेऊन गेला, मग बिस्किटं घेऊन गेला. ज्या दोन माणसांच्या शिस्तीने माझी नोकरी जवळजवळ घालवली होती ती दोघं शिस्तीचा ऱ्हास या विषयावर एकमेकांना माना डोलावत होती. मी मुलांना कारण आणि परिणाम शिकवत होते. त्या दिवशी माझ्या शिकवण्यात जोर नव्हता.

दुपारी कॉलेज सुटलं तेव्हा सासरे गाडीशी थांबले होते.

"साहेब शिस्तीचो माणूस," ते म्हणाले. "तुझा काम होतला. केबिनचो दरवाजो मात्र हलतां. त्यांका सांगितलंय."

पुढे मला कायम केल्याचं पत्र आलं. त्याआधीच सोसायटीत बातमी पसरली होती की गाडीचा दोष सासऱ्यांनी पवईच्या चढावर शोधून काढला. क्लचला ढील लागते, हे आजकालच्या मुलांना कोणी शिकवत नाही, आमच्या मुलाने तो आवळून ठेवला होता, असं ते जेवताना, विमावाले शेजारी समोर बसलेले असताना, सविस्तर सांगत होते. विमावाले माझ्या नवऱ्याकडे कीव करत बघत होते.

नवरा खाली मान घालून जेवत राहिला. एरवी सासऱ्यांसाठी राखलेला सुरमईचा मधला तुकडा मी त्याच्या पानात वाढला. सासूबाईंनी बघितलं आणि शेपटीकडचा तुकडा सासऱ्यांना वाढला.